‘क्वीन’चं नाणं: चांदी किती, गाणं किती

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा इंग्लंडात नोकरीला असतो. वडिलांच्या साठीला त्याने एक नाणं आणलं. एका बाजूला पियानो, गिटारी, ड्रम, माइकचा दांडा आणि ‘क्वीन’ ही अक्षरं. दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ, ‘५ पौंड’ आणि २०२० साल. यजमान पाचगणीत वाढलेले, ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे जुने भक्त. त्याचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं या नाण्यात कोरलंय असं मुलगा म्हणाला, पण घरात कुणालाच ते दिसेना. सराफ म्हणतो चांदी वाटते, घासून बघू. भाचा म्हणतो लाखाला जाईल. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ठेवावं का, कसं जपावं, आणि फेसबुकवर अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या ‘सोन्याच्या’ नाण्याची जाहिरात येतेय ते घ्यावं का, एवढे प्रश्न आहेत.

ताई, सगळ्यात आधी सराफाला थांबवा. कसोटीच्या दगडावर दागिना घासला तर त्याचं काही बिघडत नाही. नाण्याच्या कडेवर तो ओरखडा उठला की संग्राहकाच्या लेखी ते नाणं तिथेच संपलं. आणि घासायची गरजच नाही, धातू कोणता ते तुमच्या नाण्यावरच लिहिलेलं आहे.

राणीच्या बाजूला ‘५ पौंड’ आहे ना? मग ते चांदीचं नाही. ब्रिटनच्या रॉयल मिंटने जानेवारी २०२० मध्ये हे ‘क्वीन’चं नाणं काढलं तेव्हा एकच चित्र वेगवेगळ्या धातूंत पाडलं आणि प्रत्येकाला वेगळं दर्शनी मूल्य दिलं. एक औंस चांदीचं ते २ पौंडांचं, अर्ध्या औंसाचं १ पौंडाचं. सोन्यात पाव औंसाला २५ पौंड आणि एक औंसाला १०० पौंड. तुमचं पाच पौंडांचं तांबं-निकेलचं, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. आपल्याकडे १९७५ नंतरचा जाडजूड रुपया आठवतो? तोच मिश्रधातू. पांढरा दिसतो, निकेलमुळे चकाकतो, म्हणून सराफही क्षणभर फसतो.

म्हणजे गंमत अशी, की दोन पौंड लिहिलेलं नाणं पाच पौंड लिहिलेल्या नाण्याच्या कितीतरी पट महाग. आमच्याकडे प्रदर्शनात दर वेळी कुणीतरी या आकड्यांवरून गोंधळतो. दोन्हींचा व्यासही एकच आहे, ३८.६१ मिलिमीटर, त्यामुळे फोटोवरून अंदाज चुकतो. फरक वजनात कळतो. तांबं-निकेलचं २८.२८ ग्रॅम, चांदीचं ३१.२१. सराफाच्या काट्यावर सहज उतरेल, पण नाणं जर अजून छापील पुठ्ठ्याच्या पाकिटात प्लास्टिकखाली असेल तर वजनासाठी ते फाडू नका. आकडा वाचला की काम झालं.

हा ३८.६१चा आकार म्हणजे जुना ‘क्राउन’. पूर्वी त्याची किंमत पाच शिलिंग होती, दशमान पद्धत आल्यावर २५ पेन्स झाली, आणि १९९० पासून रॉयल मिंटने ती पाच पौंड केली. असली नाणी कायदेशीर चलन असतात खरी, पण ती बाजारात फिरण्यासाठी पाडलेलीच नसतात. तिथलं दुकान किंवा बँक ती घ्यायला बांधील नाही. आपल्याकडचा मनी चेंजर तर परदेशी नाण्यांना हातच लावत नाही. तेव्हा पाच पौंड म्हणजे अमुक रुपये, हा हिशेब सोडून द्या. राणी २०२२ मध्ये वारली म्हणून नाणं बाद झालं, असंही नाही. त्यामुळे भाव चढला, असंही नाही.

आता गाणं कुठे आहे ते सांगतो, कारण या नाण्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे.

सराफाकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं, दहापट मोठं दाखवणारं. ते मागून घ्या. दिवा बाजूला, तिरका ठेवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली नाणं कधी बघू नये, सगळा उठाव सपाट दिसतो. आता पियानोच्या पट्ट्यांवर या. सगळ्या एका पातळीत नाहीत. काही दाबलेल्या आहेत. त्या दाबलेल्या पट्ट्या म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे सुरुवातीचे सूर. क्रिस फेसी या चित्रकाराने हे नाणं रेखाटलं. त्याने गाण्याची ओळ लिहिली नाही, स्वरलिपीही काढली नाही. फक्त पट्ट्या दाबून ठेवल्या. जणू कुणीतरी आत्ताच बोटं ठेवली आहेत आणि सूर अजून उठायचाय. आमच्या मंडळात एक गृहस्थ भजनाला पेटी वाजवतात. आयुष्यभर काळी दोन, पांढरी चार करण्यात गेलेला माणूस. भिंग त्यांच्या हातात दिलं तर ते दहा मिनिटं परत देईनात.

आणखी एक बघा. नाण्यावर चेहरा नाही. आपल्याकडेही गायकांची नाणी निघतात. बेगम अख्तर यांचं २०१४ मध्ये निघालं, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचं २०१७ मध्ये. दोन्ही जन्मशताब्दीची, आणि दोन्हींवर चेहरा आहे. आपण नाण्यावर माणूस बसवतो, तसबिरीसारखा. इथे बँडमधल्या चौघांपैकी कुणीच नाही, नुसती त्यांची वाद्यं आहेत: फ्रेडीचा बेख्श्टाइन पियानो आणि माइकचा अर्धा दांडा, ब्रायन मेची ‘रेड स्पेशल’ गिटार, जॉन डीकनची फेंडर बेस गिटार, रॉजर टेलरचा लुडविग ड्रम. ड्रमवर बँडचं मानचिन्ह आहे तेही भिंगातून बघा. ते फ्रेडीने स्वतः काढलेलं. लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात तो ग्राफिक डिझाइन शिकला होता. चौघांच्या राशी त्यात आहेत: सिंह राशीच्या दोघांसाठी दोन सिंह, कर्केसाठी खेकडा, फ्रेडीच्या कन्येसाठी दोन पऱ्या, आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. म्हणजे नाण्यावर फ्रेडीचा चेहरा नसला तरी त्याच्या हाताचं चित्र आहे. चेहऱ्यापेक्षा मला हे जास्त जवळचं वाटतं.

ब्रिटिश बँड ब्रिटनच्या नाण्यावर येण्याची ही पहिलीच वेळ. शिवाय छापा टाका नाहीतर काटा, येणार राणीच.

यजमानांना पाचगणीचं सांगायला नकोच, पण नातवंडांसाठी लिहितो. फ्रेडी म्हणजे फरोख बलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म १९४६ चा, झांझिबारचा. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवलं. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलं, आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथलाच. त्यात तो पियानो वाजवायचा. त्या दाबलेल्या पट्ट्यांवरच्या बोटांचं वळण थोडंफार टेबललँडच्या वाऱ्यात पडलेलं आहे. साताऱ्याच्या घरात हे नाणं आलं याचा मला म्हणूनच जरा जास्तच आनंद झाला.

गाणं ३१ ऑक्टोबर १९७५ ला बाजारात आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण वाजवणार, अशी कंपनीतल्या लोकांची धास्ती होती. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि १९९१ मध्ये फ्रेडी गेल्यावर पुन्हा काढलं तेव्हा पुन्हा पहिलं आलं. ध्वनिमुद्रणाची सुरुवात दक्षिण वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झाली, म्हणजे शेतातल्या घरात थाटलेल्या स्टुडिओत. आणि रॉयल मिंटची टांकसाळही लंडनमध्ये नाही. १९६८ पासून ती दक्षिण वेल्समध्येच, लँट्रिसंटला आहे. गाणं आणि नाणं एकाच मुलुखाचं.

भाच्याच्या लाखाकडे येऊ.

तुमचं नाणं टांकसाळीने १३ पौंडांना विकलं, तेव्हाच्या दराने बाराशे रुपयांच्या आसपास. त्यातल्या तांब्या-निकेलची किंमत किरकोळ. बाकी सगळी किंमत पाकीट, परवाना, नाव आणि हौस यांची. अशा मालिकेतलं सगळ्यात स्वस्त नाणं भरपूर पाडलेलं असतं, आणि ज्यांना हवं होतं त्यांनी पहिल्याच महिन्यात घेतलेलं असतं. पुढे विकायला काढणारे जास्त आणि घेणारे तेवढेच. मुंबई-पुण्याच्या नाणे-प्रदर्शनात टेबलावर कुणी पाकिटासकट आणलं, तर दुकानदार मूळ किमतीच्या आसपास बोलेल, तेही गिऱ्हाईक ‘क्वीन’चा चाहता असेल तर. पाकीट नसेल तर खालीच. ऑनलाइन कुणी पन्नास हजार मागितलेले दिसतील. मागितलेला भाव म्हणजे विकलेला भाव नव्हे. फक्त झालेले व्यवहार बघावेत, बाकीच्या स्क्रीनशॉटना काही अर्थ नसतो.

चांदी-सोन्याच्या आवृत्त्यांचं गणित वेगळं. तिथे खाली धातूचा आधार असतो. पण २०२० च्या जानेवारीत औंसभर चांदी बाजारात साधारण १४ पौंडांना मिळत होती आणि नाणं त्याच्या अनेक पट किमतीला विकलं गेलं. त्यानंतर चांदी वर गेली म्हणून फरक कमी झाला, हे नशीब. ज्यांना चांदीच हवी आहे त्यांनी चांदी घ्यावी, गाणं घेऊ नये. सोन्याची नाणी मोजकीच पाडलेली होती, त्यांना मागणी राहिली. पण मुलाच्या लग्नात सुनेला द्यायला सोन्याचं ‘क्वीन’ घ्यावं का, असं तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. नका घेऊ. मोडायला गेलात तर आपला सराफ फक्त वजन धरेल, आणि त्याने कसावर घासलं की नाण्याचं जे काही वेगळेपण होतं तेही गेलं.

परदेशातून पाकीटबंद नाणं ग्रेडिंग करून, म्हणजे तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून, ‘स्लॅब’ म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घालून आणा असंही कुणी सुचवेल. पाच पौंडांच्या नाण्याला ग्रेडिंगचा, कुरिअरचा आणि कस्टमचा खर्चच नाण्याहून जास्त होईल. तो उद्योग करू नका.

लक्ष्मीपूजनाचं मात्र नीट सांगतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय.

१९८५ मध्ये इंदिरा गांधींचं शंभर रुपयांचं नाणं निघालं होतं, निम्मी चांदी असलेलं, ३५ ग्रॅमचं. त्याचं प्रूफ माझ्याकडे होतं. प्रूफ म्हणजे साचा आणि नाण्याची चकती दोन्ही आरशासारखी घासून, एकापेक्षा जास्त वेळा ठोकून पाडलेलं नाणं. मागची पाटी काळ्या आरशासारखी आणि वरचं चित्र दुधाळ पांढरं. पगारातून वाचवून घेतलेलं. एका दिवाळीला मी ऑफिसात असताना आईने ते कपाटातून काढलं. कडेला जरा पिवळट डाग आला होता. तिने चिंच लावली, मग रांगोळीने घासलं, पुसून ताम्हनात ठेवलं, वर हळद-कुंकू वाहिलं. मी संध्याकाळी आलो तर ती म्हणाली, “बघ, कसं लख्ख केलंय.” आरसा गेला होता. भिंगाखाली हजार बारीक रेघा. आणि अक्षरांच्या खोबणीत बसलेलं कुंकू आजतागायत निघालेलं नाही. मी तिला काहीच बोललो नाही. ते नाणं अजून माझ्याकडे आहे, विकायचा प्रश्नच नाही.

तर ताई, चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर नकोच नको. मऊ कापडानेही पुसू नका. कापडावर बसलेली धूळच ओरखडे काढते. पूजेत ठेवायचं असेल तर पाकिटासकट ठेवा, अक्षता-कुंकू पाकिटाशेजारी वाहा. लक्ष्मी रागावणार नाही.

तुमचं नाणं पाकिटाबाहेर आलंच असेल, तर बोटं फक्त कडेला लावा. अंगठ्याचा ठसा आज दिसत नाही, वर्षभराने तपकिरी होऊन उमटतो आणि मग जात नाही. ३८.६ मिलिमीटरची गोल ॲक्रिलिकची डबी मिळते, ‘कॅप्सूल’ म्हणून मागा. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे पीव्हीसीचे अल्बम टाळा. त्यातून काही वर्षांनी चिकट हिरवट द्रव सुटतो आणि तांबं असलेल्या नाण्याला तो खातो. साताऱ्याची हवा मुंबईपेक्षा बरी, तरी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ओलसर झाली की बदला. लाकडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवू नका. आणि मुलाला विचारून घ्या, पाकीट, पावती काही ठेवलंय का. नाण्यासोबत ते सगळं एकाच ठिकाणी राहू द्या.

एल्विसच्या जाहिरातीचं एका वाक्यात सांगायचं तर: ते सोनं नाही. नेहमीचा प्रकार असा असतो, की अमेरिकेचं केनेडीचं अर्ध्या डॉलरचं साधं नाणं घ्यायचं, त्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढवायचा, केनेडीच्या चेहऱ्यावर किंवा मागच्या बाजूला एल्विसचं रंगीत चित्र छापायचं, एखाद्या गाण्याचं नाव टाकायचं आणि मखमली डबीत ‘प्रमाणपत्रा’सह विकायचं. १९७१ पासूनचं हे सर्वसाधारण अर्ध्या डॉलरचं नाणं तांबं-निकेलचंच आहे. चित्र टांकसाळीने पाडलेलं नसतं, नंतर कुणीतरी चिकटवलेलं असतं. प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच छापलेलं. मुलाम्यातलं सोनं खरवडून काढायला गेलात तर ब्लेडचाही खर्च निघणार नाही. एल्विस आवडतो म्हणून शोकेसमध्ये ठेवायला घेतलंत तर माझी काही हरकत नाही, पण ते नाणं म्हणून घेऊ नका, खेळणं म्हणून घ्या.

पुढे कधी असं काही दिसलं तर तीनच गोष्टी शोधायच्या: देश, मूल्य आणि साल. तिन्ही धातूतच उठलेल्या हव्यात, छापलेल्या नव्हेत. मूल्यच नसेल तर ते बहुधा नाणं नसून पदक असतं. नियुए, कुक आयलंड्स, तुवालू अशी नावं दिसली तर घाबरू नका. या चिमुकल्या बेटांनी आपल्या नावाने नाणी काढायचा परवाना इतरांना दिलेला असतो आणि पाडतं दुसरंच कुणीतरी. ती खोटी नसतात. त्या बेटांवर भाजी घ्यायला मात्र ती कुणी वापरत नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उत्तरात मला तीच लिहायची होती.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’शी नातं सांगणारं एक नाणं टांकसाळीच्या या नाण्याच्या आधीच होतं. ब्रायन मे गिटार वाजवायला प्लास्टिकची नखी वापरत नाही. तो जुनं सिक्सपेन्स, म्हणजे ब्रिटनचं सहा पेन्सचं नाणं वापरतो. गिटारही त्याची घरचीच: १९६३ मध्ये वडिलांबरोबर बसून बनवायला घेतलेली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. सिक्सपेन्स वाकत नाही, त्यामुळे तारेवर बोटांचा ताबा नेमका राहतो; आणि त्याच्या कडेला दाते असतात, नाणं जरा तिरकं धरलं की ते तारेवर खरखरतात. त्याच्या गिटारीच्या सुराला जी किंचित घासल्यासारखी धार आहे ना, ती त्या दात्यांची. सिक्सपेन्स १९८० मध्ये चलनातून बाद झालं, तरी त्याने सोडलं नाही. १९९३ मध्ये त्याच्या दौऱ्यासाठी रॉयल मिंटने मुद्दाम वेगळी सिक्सपेन्स पाडून दिली होती.

१९४७ पासूनचं सिक्सपेन्स तुमच्या नाण्याच्याच धातूचं, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. वजन २.८३ ग्रॅम. जुन्या हिशेबात दहा सिक्सपेन्सचा एक क्राउन व्हायचा, आणि तुमचं क्राउनच्या मापाचं नाणं २८.२८ ग्रॅमचं, बरोबर दहापट. आकार बदलले, मूल्यं बदलली, शिलिंग गेलं. वजनात तो जुना हिशेब तसाच राहिलाय. काट्यावर एका बाजूला यजमानांचं नाणं आणि दुसऱ्या बाजूला दहा कमी झिजलेली सिक्सपेन्स ठेवली तर तराजू जवळजवळ सरळ राहील. मी करून पाहिलंय.

इंग्लंडात नाण्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात नाही, बाहेरच्या टोपलीत ही सिक्सपेन्स पडलेली असतात, अगदी किरकोळ भावात. मुलाला सांगा, येताना मूठभर आण. १९४७ ते १९६७ मधलं कुठलंही चालेल, फक्त कडेचे दाते शाबूत बघ. एक त्या पाच पौंडांच्या नाण्याशेजारी कॅप्सूलमध्ये ठेवा, एक यजमानांच्या हातात द्या, घरात गिटार असेल तर तारेवर फिरवून बघू देत. आणि एक माझ्यासाठी बाजूला काढा. कुरिअरचे पैसे मी देईन.